सारजाक्का आणि उपाशी चुली

नदीवर पूल नव्हता, पैलतीरची माणसं नावेतून यायची, त्या काळातली ही गोष्ट. किती वर्षं झाली ते मला विचारू नका, मोजणारे सगळे गेले. आपल्या हिरडेवाडीत सारजाक्का नावाची बाई होती. तिचा धाकटा भाऊ भैरू. उसाचा रस उकळत असताना काहिल, म्हणजे रसाची मोठी कढई, कधी उतरवायची हे ज्याला कळतं तो गुळव्या. भैरू असा गुळव्या होता. आणि सारजाक्का खाली चुलवाणाच्या, म्हणजे काहिलीखालच्या मोठ्या चुलीच्या, तोंडाशी बसून उसाची वाळलेली चिपाडं आत सारायची. तिला जाळाशी बोलता यायचं, असं म्हणतात. जाळ कुरकुरला की ती म्हणायची, "थांब रे, देते." आणि जाळ थांबायचा.

आईबाप लवकर गेलेले. आक्कानं भैरूला पाठुंगळी घेऊन वाढवलं, त्याच्यापायी लग्नसुद्धा केलं नाही. भैरू होता म्हणून तिला जग होतं.

एका वर्षी दसऱ्यानंतर भैरू वाळायला लागला. तहान अशी, की घागर तोंडाला लावायचा ती रिकामी करूनच खाली ठेवायचा. दोघांचं जेवण एकटा जेवायचा आणि तरी हाडाची काडं झालेली. लघवीला बसे तिथं मुंग्यांची रांग लागे. पण आपलं गाव! माणूस खंगला की त्याला गूळ चारायचा, एवढं एकच औषध आपल्याला ठाऊक. कुणी काकवीचा तांब्या आणला, कुणी गुळातले लाडू. "खा रे लेकरा, अंगात ताकद येईल." सगळे मायेनंच करत होते, म्हणून तर मला जास्त राग येतो. तो जितका वाळे तितकं गाव त्याला गोड चारी, आणि गाव जितकं चारी तितका तो वाळे.

मग हंगामाचा पहिला दिवस आला. त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं, की काहिलीची वाफ कुठं संपते आणि धुकं कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. जाळ मंदावला. आक्कानं चिपाडं सारली, तो आणखी मंदावला. अजून सारली, तर विझायलाच आला. वाकून बघते तर चुलवाणाचं तोंड राखेनं चोंदलेलं. बाहेर चिपाडांचा डोंगर आणि चूल आत उपाशी. तिनं सळईनं राख ओढून काढली. जाळ भडकला, आणि त्या उजेडात पलीकडं उभा असलेला भैरू तिला आरपार दिसला, असं म्हणतात.

त्याच्या अंगभर रसाच्या नद्या वाहत होत्या, गोड आणि संथ. काठाकाठानं लहान लहान चुली होत्या, मोजता येणार नाहीत इतक्या, आणि एकूणएक चुलीचं दार लावलेलं. आत निखारे मिणमिणत होते. गोडाचा पूर पार उंबऱ्याला लागला होता, आणि आत कणभरही जात नव्हता. आक्काला तिथंच रडू फुटलं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

तेव्हाची रीत अशी होती, की हंगामाच्या पहिल्या गुळाचा खडा गुळव्यानं सगळ्यांसमोर खायचा. त्यानं नाही खाल्ला तर हंगाम बुडतो. भैरूनं खडा उचलला.

"भैरू, खाऊ नगंस," आक्का म्हणाली.

गावचे पाटील तातोबा पुढं आले. "सारजे, गावाच्या वर्षाच्या पोटाचा सवाल हाय."

"आन् माझा भाऊ?"

आक्कानं भावाच्या हातातला खडा घेतला आणि चुलवाणाच्या तोंडात टाकला. म्हणाली, "भूक हितं हाय. हितं द्या." जाळ असा उठला, की पैलतीरावर नावेची वाट बघणाऱ्यांनीही तो पाहिला. त्या वर्षीसारखा पिवळाधमक गूळ पुन्हा झाला नाही, असं म्हणतात.

त्या दिवसापासून भैरूचा गूळ सुटला. मोजकी भाकरी, पालेभाजी, ताक. आणि जेवण झालं की आक्का त्याला हाताला धरून नदीकाठानं चालवायची. पहिल्या दिवशी तो मळ्याच्या बांधापाशीच बसला.

"आक्का, पायात जीव न्हाई गं."

"माझा घे. ऊठ."

तो उठला. पावलागणिक त्याच्या अंगातलं एकेक दार करकरत उघडायचं, आणि तो आवाज फक्त तिला ऐकू यायचा. रोग गेला नाही हां, उगाच खोटं कशाला सांगू! पण त्याच्याशी दोघांनी जमवून घेतलं. गावानं गुळाचा आग्रह केला की भैरू 'नको' म्हणून मूठ मिटायचा. पुढं एका पहाटे धुक्यात आक्का चालत गेली ती परत आलीच नाही. म्हातारा भैरू तिच्या दोन पावलं मागं होता. तो सांगायचा, "आक्का गेली न्हाई, पुढं झाली."

आता दवाखान्यातल्या बाई सांगतात, त्या चुलींची दारं उघडणारा अंगातच एक वेगळा रस असतो, त्याला इन्शुलिन म्हणतात. तो कमी पडला किंवा दारांनी त्याचं ऐकलं नाही, की साखर रक्तातच फिरत राहते. हंगामाच्या पहिल्या दिवशी बाई गुऱ्हाळावर येऊन सगळ्यांची बोटं टोचून साखर बघतात. गोळी लागली तर गोळी, सुई लागली तर सुई. आक्का असती तर भैरूला घेऊन सगळ्यांच्या पुढं उभी राहिली असती.

आणि हिरडेवाडीत अजून पहिला खडा चुलवाणाला देतात. पाहुण्याला गूळ एकदाच विचारतात. त्यानं मूठ मिटली की का म्हणून कुणी पुसत नाही. मात्र जेवण झालं की कुणीतरी उठतं आणि त्याच्याबरोबर नदीपर्यंत चालत जातं. मूठ मिटलेल्या माणसाला एकटं चालू द्यायचं नाही, ही सारजाक्काची आण आहे.

मीही गेल्या हंगामापासून मूठ मिटते. माझ्याबरोबर कोण येतं सांगू? माझी थोरली जाऊ, जी वाटणी झाल्यापासून माझ्याशी बोलत नव्हती. अजूनही फारसं बोलत नाही. पण चपला घालून दारात येऊन उभी राहते.