टिटवीचं आभाळ

फार पूर्वी, बैलसुद्धा पगारावर चरक ओढायचे तेव्हा, अस्वलमामांच्या गुऱ्हाळावर टिटवी राखणीला होती. एका सकाळी रस उकळायच्या काहिलीखालची राख तिला गार लागली आणि ती दचकली. दचकणं तिचं रोजचंच, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

तेवढ्यात सावकारांनी नेमलेला कोल्हा कुलूप घेऊन आला. "मामांनी विकायचा गूळ स्वतःच खाल्ला! दिवाळं निघालंय. आजपासून सगळ्यांना काढलं, चला, निघा!"

बैलांनी माना खाली घातल्या. टिटवीची अंडी मात्र तिथंच चिपाडांत होती, अजून फुटायची. ती कापऱ्या आवाजात म्हणाली, "काढायच्या आधी आम्हाला विचारलंत का?"

"बुडाल्या धंद्यात कसलं विचारणं?" कोल्हा हसला. "आणि तू गं, आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपणारी!"

"आज ते खरंच पडलंय, कोल्होबा. पडलंय ते आमच्याच अंगावर ना? मग आधी आमचं ऐका, कुलूप नंतर लावा."

"बरोबर बोलली की!" धाकटा बैल फिस्सकन हसला.

टिटवीनं मामांच्या खोपीकडे तोंड करून हाक मारली, "मामा!" तिनं पुन्हा हाक मारली, तेव्हा तिच्याबरोबर सगळे बैल हंबरले.

खोपीचं दार करकरलं. तोंडाला गूळ लागलेले अस्वलमामा लाजत बाहेर आले. त्यांनी कोल्ह्याच्या हातातलं कुलूप घेतलं, खाली ठेवलं आणि ते त्यावरच बसले.

"बोल, टिटवे. तुमचं सगळ्यांचं ऐकून होईपर्यंत मी काही उठत नाही."