टाकीतला गाळ

डोंगरपट्ट्यातल्या पिंपरवाडीत नूतन रांजणेचा मल्चिंग पेपर धुण्याचा कारखाना होता. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर अंथरलेला हा प्लॅस्टिकचा कागद हंगाम संपला की चिखलाने माखून तिच्याकडे यायचा. तो धुऊन, वाळवून ती पुनर्वापरासाठी पाठवायची. गावातल्या कितीतरी बायकांची घरं त्यावर चालत होती.

बागायतदार संघाचे अध्यक्ष बाजीराव पांगारे यांना त्या जागेवर शीतगृह बांधायचं होतं. नूतनने जागा सोडायला नकार दिला, तेव्हा त्यांनी ग्रामसभा बोलावली. स्ट्रॉबेरीच्या सौद्यासाठी आलेले पुण्याचे व्यापारीही त्यांनी आपला दरारा दाखवायला शेजारी बसवले.

पांगारेंनी टेबलावर गाळाची बादली आदळली. "हा हिच्या टाकीतला गाळ! नुसतं विष आहे. ही बाई गाव मारणार. आजच कुलूप घाला!"

सरपंचांनी मान डोलावली. कामावरच्या बायका रडकुंडीला आल्या. नूतन उठली.

"अध्यक्षसाहेब, सध्या माझ्याकडे फक्त तुमच्याच मळ्यातला कागद येतोय ना?"

"हो. मग?"

"मग ही मातीही तुमच्याच वाफ्यांतली. ती विषारी असेल, तर कुलूप मी स्वतः लावते. फक्त आधी या पाहुण्यांना सांगा, तुमची स्ट्रॉबेरी कशात पिकते ते."

व्यापारी पांगारेंकडे रोखून बघू लागले.

पांगारेंनी घाम पुसला. "तशी... माती चांगलीच आहे."

सरपंचांनी कुलपाचा विषय तिथेच संपवला.

"मग चांगली माती माझ्या टाकीत कशाला?" नूतन म्हणाली. "उद्या ट्रॅक्टर पाठवा आणि घेऊन जा."