आवरायचं म्हणजे काय?

राजा शूरपाल प्रधानावर तावातावाने ओरडत होता. नेमकी तेव्हाच कोंडाबाई दारात आली आणि म्हणाली, "महाराज, आवरा आता."

पोशाखघराची कोंडाबाई. तिच्या हातात राजाचा अंगरखा होता. पाहुणे येऊन बसले होते, म्हणून राजाने लवकर तयार व्हावं, एवढंच तिला सांगायचं होतं. राजाला वाटलं, ही राग आवरायला सांगते आहे.

"मला आवरायला सांगतेस? मला?"

"कपडे करा म्हटलं, महाराज. पाहुणे खोळंबलेत."

"आवरणं म्हणजे ताब्यात ठेवणं. घोडा आवरतात, राग आवरतात. दुसरा अर्थच नाही."

"असं कसं? आम्ही घर आवरतो, स्वयंपाकघर आवरतो. ते काय पळून जातं?"

प्रधान नारोपंतांना हसू आलं. राजाने ते पाहिलं आणि तो आणखीच हट्टाला पेटला.

"ठीक आहे. उद्या सूर्य मावळायच्या आत हा शब्द दुसऱ्या अर्थाने माझ्याच तोंडून वदवून घे. नाही जमलं, तर केतकीगड सोडून चालती हो."

बाहेर आल्यावर नारोपंत तिला म्हणाले, "बाई, माफी मागून टाक. उद्या ते हा शब्द ओठांवरही येऊ देणार नाहीत."

"चुकीचं काय बोलले, की माफी मागू?" कोंडाबाई म्हणाली खरी, पण तिला सासूची काळजी लागली होती. सासूला डोळ्यांनी दिसत नव्हतं. त्या म्हातारीला घेऊन ती कुठे जाणार होती?

दुसऱ्या दिवशी राजा उठला, तर खोलीभर फेटे, शेले, मोजड्या पसरलेल्या. कोंडाबाई मधोमध शांत उभी.

"हा काय पसारा? आधी हे सगळं आ..." राजा थबकला. मिशीतल्या मिशीत हसून म्हणाला, "उचलून ठेव."

दुपारी देवदर्शनाला निघायचं होतं. कोंडाबाईने राणीसाहेबांसमोर एकेक करत सतरा शालू उलगडले. राणीसाहेबांना एकही पसंत पडेना. पालखीचे भोई उन्हात ताटकळले, राजा दाराशी येरझाऱ्या घालू लागला.

"राणीसाहेब, लवकर... लवकर नेसा!" तो ओरडला आणि कोंडाबाईकडे बघून त्याने भुवई उडवली.

संध्याकाळ झाली. राजा नारोपंतांबरोबर गच्चीवर बसला होता. सूर्य डोंगराला टेकला होता. राजा रोज याच वेळी जेवायचा. आज तर वांग्याचं भरीत होतं, आणि त्याचा खमंग वास वरपर्यंत येत होता.

"हरलीस, कोंडाबाई."

"होय, महाराज. जाते मी." तिने हात जोडले. "पण माझ्यामागे आपली गैरसोय नको. कुठे काय ठेवलंय ते सांगून जाते."

"सांग."

"पहिल्या पेटीत जरीचे फेटे. वरचा केशरी, त्याखालचा हिरवा. हिरव्याला एका टोकाला कसर लागलीय, म्हणून तो उजवीकडून बांधायचा. डावीकडून बांधला, तर भोक नेमकं कपाळावर येतं. त्याखाली जांभळा, तो मामासाहेबांनी दिलेला. म्हणजे दिला तेव्हा लालच होता, पण धुतला आणि..."

"बरं, बरं. पुढे?"

"दुसऱ्या पेटीत अंगरखे. मोतिया रंगाचा आपल्याला पोटावर घट्ट होतो. त्याची शिवण मी दोनदा उसवली. पहिल्यांदा दसऱ्याला, तेव्हा झालं असं..."

खालून ताटं मांडल्याचा आवाज आला. राजाचं सगळं लक्ष जिन्याकडे.

"...म्हणून शिंप्याला बोलावलं. शिंपी म्हणाला, दोरा नाही. मग मी..."

"अगं बाई, आवरतं घे आता! भरीत गार होतंय!"

कोंडाबाई हसून थांबली. नारोपंतांनी डोंगराकडे पाहिलं. सूर्याची कड अजून दिसत होती.

राजाच्या ध्यानात आलं. तो घाईघाईने म्हणाला, "मी... मी जीभ ताब्यात ठेव म्हणत होतो."

"ती ताब्यातच आहे, महाराज. सगळं कसं ओळीने सांगतेय," कोंडाबाई म्हणाली. "मग पुढचं सांगू? अजून अकरा पेट्या राहिल्यात."

 राजाच्या खांद्यांना हिसके बसू लागले, आणि तो पोट धरून असा हसला की खालचे वाढपी जिन्यात धावत आले.

"नको गं बाई, नको!" तो डोळे पुसत म्हणाला. "पेट्या तुझ्या, पोशाखघरही तुझं. नारोपंत, हिला चांदीचे तोडे द्या, आणि वाड्यालगतचं ते घर हिच्या सासूच्या नावे करा. आणि आता मला कुणीतरी जेवायला वाढा."