मूठ मिटून ऐकलेली गोष्ट

लेक आजारातून उठली, त्या वर्षी मी दत्ताला नवस बोलले होते की चातुर्मासभर दर गुरुवारी माईंच्या मठाची ओसरी सारवीन. म्हणून त्या दुपारी मी तिथे होते. हात शेणात आणि कान, खरं सांगायचं तर, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला.

"पण माई, त्या टिकत का नाहीत?"

विचारणाऱ्या होत्या ज्योत्स्नाबाई राजूरकर. आमच्या नगरपरिषदेच्या समाजविकास विभागाच्या प्रमुख. दारुड्याच्या घरात शिरून बायकोला बाहेर काढणाऱ्या, शाळा सुटलेल्या पोरींना परत वर्गात बसवणाऱ्या, रस्त्यावरच्या म्हाताऱ्यांना निवारा केंद्रात नेणाऱ्या मुली त्यांच्या हाताखाली आहेत. बाई हुशार, कामाला वाघ, स्वच्छ हाताच्या. गावात त्यांना मान आहे, आणि तो त्यांना ठाऊकही आहे.

माई सुपात नैवेद्याचे तांदूळ निवडत होत्या. वैनगंगेच्या काठी हा एवढासा मठ. माई तिथे कधी आल्या ते आमच्या सासूबाईंनाही आठवत नसे.

"तू काय काय केलंस?" माईंनी विचारलं.

"काय नाही केलं ते विचारा! शिबिरं घेतली. मनावरचा ताण कसा घालवायचा त्यावर पुण्याहून व्याख्याते आणले. दर वर्षी शाल, श्रीफळ, टाळ्या. तरी एक आली की एक जाते. आता ही."

ही म्हणजे सुनंदा गेडाम. खांबाला टेकून, पायांना मिठी घालून बसली होती. टेकडीवरच्या वस्तीत नगरपरिषदेचं माणूस दिसलं की दारं लागतात. सुनंदाला मात्र आतून हाक येते, "ये वं माय." हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

"माझी सगळ्यात चांगली मुलगी आहे ती, माई. राजीनामा दिलाय. आज शेवटचा दिवस. ती गेली की वस्तीची दारं पुन्हा बंद. तुमचं ऐकते ती. तुम्ही नुसतं 'थांब' म्हणा."

"मी म्हणू?"

"हो."

"आणि तू?"

"मी म्हटलं ना! दहा वेळा म्हटलं."

माईंनी एक खडा वेचून बाहेर टाकला.

"काहून जातेस गं सुनंदा?"

"थकली मी, माई."

"थकवा असेल तर रजा घे," बाई लगेच म्हणाल्या. "मी कधी नाही म्हटलंय? रजेचा नवा नियम..."

माईंनी सुपातून मूठभर तांदूळ उचलले आणि बाईंच्या उजव्या हातात ठेवले. बोटं मिटवली.

"हे काय?"

"तांदूळ."

"ते दिसतंय, माई. पण कशाला?"

"घरी व्रताची कहाणी ऐकतेस ना?"

"ऐकते. दर श्रावणात."

"मग ऐक."

आमच्याकडची रीत आहे ही. एकीने कहाणी सांगायची, दुसरीने अक्षता मुठीत धरून ऐकायची. कहाणी पुरी होईपर्यंत मूठ उघडायची नाही, मध्ये बोलायचं नाही, फक्त हूं म्हणायचं. ऐकणारी मिळाली नाही तर केलेलं व्रत पुरं होत नाही.

बाई हसल्या. पण त्यांनी मूठ धरली.

"सांग," माई सुनंदाला म्हणाल्या.

"काय सांगू?"

"जे घेऊन चाललीस ते."

सुनंदाने नदीकडे तोंड केलं.

"दसरूआबा होता एक. बसस्टँडवर पडून राहायचा. पाय सडला होता. लोक नाक दाबून जायचे. मी त्याला निवाऱ्यात नेलं..."

"अगं, ती तर फार छान केस झाली होती! मी सभेतसुद्धा सगळ्यांना..."

बाईंना हातवारे करत बोलायची सवय. मूठ उघडली. तांदूळ ओसरीवर सांडले.

माईंनी पुन्हा मूठ भरून दिली.

"पहिल्यापासून."

"दसरूआबा होता एक," सुनंदा म्हणाली. "बसस्टँडवर पडून राहायचा. मी त्याला निवाऱ्यात नेलं. तो मला पंचफुला म्हणायचा. पंचफुला त्याची लेक. मी सांगून पाहिलं, आबा, मी सुनंदा. मग सांगणं सोडलं. म्हटलं, म्हणू दे."

"इथेच चुकतं सुनंदा! असं गुंतायचं नसतं. शिबिरात स्पष्ट सांगितलंय की आपण..."

तांदूळ सांडले.

सुनंदाला हसू आलं. "मॅडम, अशानं देव उपाशी राहील बाप्पा!"

"देवाला सवय आहे," माई म्हणाल्या. त्यांनी तिसऱ्यांदा मूठ भरली. "पहिल्यापासून."

बाईंचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता उठतील. मोठ्या हुद्द्याच्या बाई, मी समोर सारवतेय, हाताखालची मुलगी हसतेय. पण त्या उठल्या नाहीत. त्यांनी डावा हात उजव्या मुठीवर दाबून धरला. त्या क्षणी मला त्या फार आवडल्या.

सुनंदाने पुन्हा सांगितलं. बसस्टँड. पाय. पंचफुला. या वेळी कोणी अडवलं नाही, तशी ती पुढे गेली.

"त्या दिवशी मी त्याला पेज पाजून राहिली होती. डोळे मिटलेले. म्हणाला, पंचफुले, आली का तू? मी म्हटलं, आली बाबा. त्यानं माझा हात धरला. मी दुसऱ्या हातानं पेज पाजत राहिली. मग पेज ओठावरून खाली यायला लागली..."

"हूं," बाई म्हणाल्या. आवाज नव्हता त्यात.

"नगरपरिषदेच्या गाडीतून नेलं त्याला. मी घरी गेली. डोक्यावरून आंघोळ केली. सासू म्हणे, आज काय आहे तुझं? काय सांगू? माझा कोण लागत होता तो? घरचं कोणी गेलं की सुतक असते. चूल बंद असते, लोक येऊन बसतात, दोन शब्द बोलतात. मी त्या रात्री भाकरी थापल्या. रोजच्यासारख्या."

"हूं."

"दुसऱ्या दिवशी ऑफिसात आली. तुम्ही म्हणाल्या, निवाऱ्यात एक जागा झाली सुनंदा, चांगलं झालं, स्टेशनजवळचा म्हातारा आणून टाक."

बाईंनी डावा हात आणखी दाबला. मूठ उघडली नाही.

"तुम्ही खोटं नाही बोलल्या मॅडम. जागा झालीच होती. मी आणला त्या म्हाताऱ्याला. त्याच्यानंतर आणखी आणले. काम जड नाही जी मला. घाण जड नाही, शिव्या जड नाहीत. पण हे सगळे घेऊन मी जाऊ कुठे? घरी यांची जागा नाही, ऑफिसात यांचं नाव नाही. मला फक्त वाटे, कोणी विचारावं..."

ती थांबली. बाईंच्या ओठांवर काहीतरी आलं आणि त्यांनी ते गिळलं.

"काय विचारावं?" माई म्हणाल्या.

"की कसा होता."

नदीवरून वारा आला. सुपातलं कोंड्याचं फोलपट उडालं.

"झालं तुझं?" माईंनी विचारलं.

"झालं."

"मग उघड मूठ."

बाईंनी मूठ उघडली. तांदूळ घामाने भिजून तळव्याला चिकटले होते. त्यांनी ते झटकले नाहीत. त्या सुनंदाजवळ सरकल्या, थेट माझ्या ओल्या सारवणावर, रेशमी किनारीच्या पातळानिशी.

"कसे होते गं आबा?"

सुनंदाने पदराने डोळे पुसले.

"चोर होता एक नंबरचा! दुसऱ्यांच्या चहातली साखर काढून घ्यायचा. तरणा असताना दंडारीच्या खेळात नाचायचा म्हणे. बाईचं काम करायचा. मी म्हटलं, करून दाखव ना आबा. तर असा लाजला! अंथरुणात पडल्या पडल्या डोक्यावरून चादर घेतली पदरासारखी, आणि मान अशी केली..."

तिने मान करून दाखवली. बाई हसल्या. मग हसता हसता त्यांनी तोंडावर हात धरला, आणि तांदळाचे दाणे गालाला चिकटले.

उन्हं उतरायला लागली तशी सुनंदा उठली. चपला शोधू लागली.

"कुठे निघालीस?" बाईंनी विचारलं. मुठीत तांदूळ नव्हते, तरी हळू विचारलं.

"टेकडीवर. निरोप घ्यायचा होता सगळ्यांचा." ती चपलेत पाय घालता घालता थांबली. "तिथे एक बाळंतीण आहे मॅडम. दूध येऊन नाही राहिलं तिला. उद्या येऊन सांगू तिचं? ऐकाल?"

"उद्या?"

"अन् परवा. तुम्ही ऐकत असाल तर."

"ऐकीन."

"मग निरोप नाही घेत जी," सुनंदा म्हणाली. "नुसती जाऊन येते."

मला वाटलं, संपलं. बाईंचं काम झालं. ज्यासाठी आल्या ते मिळालं. आता नमस्कार करतील, गाडीत बसतील.

बाई उठल्या नाहीत.

"माई," त्या म्हणाल्या, "मीसुद्धा फिरले आहे या वस्त्यांमधून. ऑफिसर व्हायच्या आधी, पायी. मलाही कोणी आई म्हटलंय, कोणी ताई. एक मुलगी होती..." त्यांनी तळव्याकडे पाहिलं. "मी कोणाला सांगू? माझ्यावर कोण आहे?"

माईंनी दाराकडे पाहिलं.

दारापर्यंत गेलेली सुनंदा परत आली. चपला काढल्या. खाली वाकून तिने ओसरीवर सांडलेले तांदूळ, शेणाचा ओलावा लागलेले, एकेक करून उजव्या हातात गोळा केले. मूठ मिटली. आणि आपल्या साहेबीणबाईंसमोर मांडी घालून बसली.

"सांगा," ती म्हणाली.

मी तशीच उभी होते, शेणाचे हात अंगापासून लांब धरून. इतकं सुंदर काही मी कुठल्या देवळात पाहिलं नव्हतं.

माईंनी माझ्याकडे पाहिलं. सूप माझ्या दिशेने सरकवलं.

"तू उभी का? हात धू, आणि तूही घे मूठभर."