तळ्याच्या अहवालाचं पोट

तालुक्याला इंटरनेट नुकतंच आलं होतं, तेव्हाची गोष्ट. नव्या तळ्याचा अहवाल जिल्ह्याला निघाला आणि ईमेलच्या दारातच अडकला.

"पन्नास एमबी? पाचच्या वर सोडत नाही," ईमेल म्हणाला.

अहवाल भडकला. "अरे, माझ्या पोटात रावसाहेबांचे साठ फोटो आहेत! नारळ फोडताना, फीत कापताना, हार घालून घेताना!"

"मग आधी पोट कमी कर."

नाक मुरडत अहवाल फाइल बारीक करणाऱ्या यंत्राकडे गेला. यंत्र म्हणालं, "कामाचं तेवढं ठेवतो."

अहवाल क्षणात जिल्ह्याला पोहोचला. आत एकच ओळ उरली होती: 'तळ्यात पाणी नाही.'

त्या दिवशी कलेक्टरसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा एक अहवाल शेवटपर्यंत वाचला.