बिनरेघेचा पाचू

"आठ दिवसांत बिनरेघेचा पाचू आण, नाहीतर उजवा अंगठा इथं ठेवून जा!"

टाकळगडचे राजे सुभानराव गरजले आणि हातातला पाचू त्यांनी गोंदाजीच्या अंगावर भिरकावला. गोंदाजी रत्नांना पैलू पाडणारा. दसऱ्याच्या शिरपेचासाठी हा बोराएवढा पाचू त्यानेच दोन महिने घासला होता. आज महाराजांनी तो उन्हात धरला आणि आत केसाएवढी रेघ दिसली. गडाखालच्या कोरड्या विहिरी ज्यांना कधी दिसल्या नाहीत, त्यांना रेघ मात्र बरोब्बर दिसली.

"सरकार, रेघ त्याच्या जन्माचीच आहे," गोंदाजी हात जोडून म्हणाला. "पाचू म्हटला की ती आलीच."

"आम्हाला शिकवतोस? तुझ्याच हातून तडकलाय तो. ने हा डागी दगड, आणि स्वच्छ घेऊन ये."

दरबारचे जवाहिरे माणकशेट शेजारीच उभे होते. पाचू त्यांनीच महाराजांना विकलेला, त्यामुळे रेघेची सगळी कुंडली त्यांना पाठ. पण नेमका त्याच वेळी त्यांना खोकला आला.

घरी गोंदाजी अंगठ्याकडे बघत बसला. त्याच अंगठ्याच्या दाबावर त्याचं सगळं कसब. रडून अंगठा वाचत नाही हे त्याची लेक येसू हिला कळत होतं.

"बा, बिनरेघेचा पाचू तू कधी पाहिलास?"

"एकदाच, जत्रेत. काचेचा निघाला."

येसू उठली ती थेट कासार आळीत गेली. पुढचे तीन दिवस बापाच्या सहाणेवर तीच बसून होती. काय घासतेय ते तिनं बापालाही दाखवलं नाही.

आठव्या दिवशी बापलेक दरबारात हजर झाले. महाराज एका पाहुण्याला आपला डावा गाल दाखवत होते. त्या गालावर तलवारीच्या वाराची खूण होती आणि भाटांनी तिच्यावर सोळा पोवाडे रचले होते. महाराज घोड्यावरून बाभळीत पडले तेव्हाची ती खूण, असं त्यांचा घोडा सांभाळणारा मोतद्दार सांगायचा. पण मोतद्दाराला विचारतो कोण?

येसूनं तबक पुढे केलं. त्यात दोन हिरवे खडे होते.

"सरकार, एक तुमचाच, रेघेचा. दुसरा बिनरेघेचा. पसंत पडेल तो ठेवा, नको तो आमच्या पदरात टाका, आणि माझ्या बाला सोडा."

महाराजांनी स्वच्छ खडा उन्हात धरला. "वाहवा!"

महाराजांनीच वाहवा केल्यावर माणकशेटांचं भिंग खिशातच राहिलं. "सरकार, पाचूला असलं पाणी आमच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नाही."

"डागी दगड तुझा, पोरी. तुझ्या बापाचा अंगठाही सोडला, हा आमचा शब्द," महाराज खुशीत म्हणाले. "पण हा कुठल्या खाणीतला गं?"

"कासार आळीतला, सरकार. काशी कासारणीकडची बांगडीची काच आहे."

महाराजांचा हात तलवारीवर गेला.

"राजाला काच देतेस?"

"मी याला पाचू म्हटलंच नाही, सरकार. माणकशेट म्हणाले."

माणकशेटांना पुन्हा खोकला आला.

"पाचू जमिनीच्या पोटात युगं काढतो," येसू पुढं म्हणाली, "आणि तिथला दाब सोसल्याची खूण अंगावर घेऊन येतो. काच सकाळी भट्टीत जाते, दुपारी बाहेर येते. तिला कुठली रेघ? सरकारांनी मागितलं तसलं हिरवं जगात एवढंच मिळतं."

"ते काही नाही. रेघ म्हणजे खोट ती खोटच!"

येसूनं मान वर केली आणि महाराजांच्या डाव्या गालाकडे पाहिलं.

"मग सरकार, टाकळगडालाही बिनरेघेच्या गालाचा राजा बघायला हवा. कासार आळीत विचारून येऊ?"

गोंदाजीनं डोळेच मिटले. आता अंगठ्याऐवजी दोन मुंडकी जाणार, असं त्याला वाटलं. महाराजांचा हात तलवारीवरून निघाला आणि हळूच गालावर गेला. त्यांनी गाल चाचपला, एकदा येसूकडे पाहिलं, आणि असे खदखदून हसले की शिरपेच कानावर आला.

"हरलो गं पोरी! तो डागी दगड आता तुझा. आम्ही मागितला तर देशील?"

"देईन की. आमच्या घरी शिरपेच कुठाय?"

महाराजांनी पाचू घेतला आणि बदल्यात गोंदाजीच्या वाचलेल्या अंगठ्यात सोन्याची जाड अंगठी घातली. दरबारातली रत्नं पारखायची मानाची जागा येसूला मिळाली.

दसऱ्याच्या मिरवणुकीत तो पाचू महाराजांच्या शिरपेचात झळकला, रेघ समोर ठेवून. काचही वाया गेली नाही. ती खास हुकमानं माणकशेटांच्या पगडीत बसवली होती. असलं पाणी त्यांच्या सात पिढ्यांत कुणी पाहिलं नव्हतं ना!