राणीनं टाकलेली काकडं

एकदा काय झालं, एका राणीला आपल्या आईची लाज वाटली.

हो, आईचीच. असं तोंड करू नका, ऐका तर खरं.

ही राणी काही जन्माची राणी नव्हती, बरं का. डोंगराच्या कुशीत एक पाडा होता, तिथली ही पोर. नाव भिवरी. बाप नव्हता, आई होती. तिचं नाव सोमी. सोमी रानात हिंडायची, कंद काढायची, पाला-फळं गोळा करायची आणि टोपलीत घालून बाजारात विकायची. तिच्या टाचांना मोठ्या भेगा पडल्या होत्या. त्यांत माती बसली की काही केल्या निघायची नाही. भिवरी रोज संध्याकाळी त्या टाचांना करंजाचं तेल चोळायची.

मग एक दिवस राजा शिकारीला आला. तहानेनं व्याकूळ. भिवरीनं पळसाच्या पानाचा द्रोण केला आणि त्याला झऱ्याचं पाणी दिलं. राजा पाणी प्याला, तिच्याकडे बघतच राहिला आणि म्हणाला, "तू कुणाची मुलगी?"

भिवरीनं राजाच्या घोड्याकडे पाहिलं. घोड्याच्यासुद्धा गळ्यात मोती! तिला आईच्या टाचा आठवल्या. आणि तोंडातून काय निघालं? "घाटापलीकडे आमची गढी होती. घरचे सगळे साथीत गेले. माझं आता कुणी नाही."

झाडामागे सोमी उभी होती, डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन. तिनं सगळं ऐकलं. पुढे टाकायला उचललेला पाय तिनं हळूच मागे घेतला. मनाशी म्हणाली, 'पोरीचं भलं होतंय. होऊ दे.'

मग भिवरीचं राजाशी लग्न झालं. नाव बदललं, रत्नमाला झाली. हातात पाटल्या आल्या, पायात पैंजण आले. पण संध्याकाळ झाली की तिला उगाच आपल्या हातांना करंजाच्या तेलाचा वास येतोय असं वाटायचं. मग ती हातांना अत्तर लावायची. अत्तर लावलं तरी वास यायचाच.

अशी काही वर्षं गेली. मग शेवळांचे दिवस आले.

आता शेवळं म्हणजे काय, तर पावसाळ्याच्या तोंडाशी रानात जमिनीतून एक कोंब वर येतो. फांदी नाही, पान नाही, नुसता कोंब. जांभळट, तपकिरी. तो उलगडला की नागानं फणा काढावा तसा दिसतो. ते त्याचं फूल. आधी फूल येतं, पान मागून. पान वर येईपर्यंत फूल सुकून गेलेलं असतं. एका कंदाची लेकरं, पण दोघांची गाठ पडत नाही. आणि उमललेल्या फुलाला वास कसा येतो? मेलेल्या उंदरासारखा! नाकं नका धरू, इथं नाहीये ते. माश्यांना तो वास आवडतो, आणि शेवळाला माश्या हव्या असतात.

उमलायच्या आधी कोंब काढला तर त्याची भाजी होते. अशी चवदार, की मटणानं मान खाली घालावी. पण शेवळं खाजरी. नुसती खाल्ली तर घसा असा खाजतो, की जीव नकोसा होतो. म्हणून काय करायचं, तर त्याच दिवसांत काकडाच्या झाडाला फळं लागतात. हिरवी, आवळ्यासारखी, आंबट. ती ठेचून भाजीत घालायची. खाज गेली! शेवळांवाचून काकडं चालतील, पण काकडांवाचून शेवळं नाहीत, बरं का.

लहानपणी भिवरीला ही भाजी जीव की प्राण होती. सोमीला पहिलं शेवळ दिसलं आणि तिच्यानं राहवेना. तिनं टोपलीभर शेवळं काढली. वर पळसाच्या पानात काकडं बांधून ठेवली. मग चालत चालत राजवाड्याच्या मागच्या दाराशी आली आणि म्हणाली, "राणीसाहेबांसाठी भाजी आणलीय."

नेमकी राणी तेव्हा मुदपाकखान्यात होती. शेजारी तिच्या सासूबाई, थोरल्या आईसाहेब. सखोबा आचारी टोपलीत डोकावला आणि म्हणाला, "अगं बाई, ही भाजी म्हणायची का सापाची पिल्लं?"

राणीनं दाराकडे पाहिलं. आई! केस पिकलेले, टाचा तशाच. सोमीनंही पाहिलं. पण तिनं हाक मारली नाही. सखोबाकडेच तोंड करून म्हणाली, "दादा, ही करायची कशी ते सांगते. आधी—"

राणीला वाटलं, म्हातारी बोलायला लागली की सगळं बोलेल! ती घाईघाईनं म्हणाली, "सखोबा, हिला पसाभर तांदूळ द्या आणि वाटेला लावा."

सोमीनं तांदूळ पदरात घेतले आणि गेली.

मग सखोबानं पळसाची पुडी सोडली. "आणि ही फळं कसली?"

आईसाहेब म्हणाल्या, "सूनबाई, तुम्ही घाटापलीकडच्या. तुम्हाला ठाऊक असेल."

ठाऊक नसायला काय झालं! पण ठाऊक आहे म्हटलं, तर कुठून ठाऊक तेही सांगावं लागेल. राणी म्हणाली, "आमच्याकडे असलं कुणी खात नव्हतं. रानातला कचरा असेल. टाकून द्या."

सखोबानं पुडी उकिरड्यावर टाकली. आणि काय नवल! राणीच्या पायाशी दोन फरशांच्या मधून एक शेवळ वर आलं. करंगळीएवढं. राणीनं पटकन त्यावर पाय ठेवला.

दुपारी पंगत बसली. राजा, आईसाहेब, प्रधान, सगळे मानकरी. आईसाहेबांना नव्या भाजीचं भारी कौतुक. "वाढा, वाढा!" राणीच्या मनात आलं, सांगावं, खाऊ नका म्हणावं. पण तोंड उघडेना. थोडं खाजेल आणि थांबेल, असं तिनं मनाला समजावलं. स्वतः मात्र एक घासही खाल्ला नाही.

मग काय विचारता! आधी प्रधानजींनी घसा खाकरला. मग पुरोहितबुवांचा श्लोक अर्ध्यातच अडला. आईसाहेबांनी तर लाज सोडून चमचा घशात घातला. सगळी पंगत खाकरतेय, खोकतेय, गळा चोळतेय. चिंच खाऊन पाहिली, खाज जाईना. तूप पिऊन पाहिलं, जाईना. गूळ खाऊन पाहिला, तरी जाईना. साधी खाज असती तर चिंचेनं गेली असती. ही साधी नव्हती.

राजाचा आवाज बसला. बसक्या आवाजात तो ओरडला, "विष! त्या म्हातारीनं विष घातलं! धरून आणा तिला. उद्या कडेलोट!"

शिपायांनी सोमीला वाटेतच पकडलं आणि दरबारात उभं केलं, शेजारी सखोबा आचाऱ्यालाही. पदरात पसाभर तांदूळ तसेच.

राजानं विचारलं, "राणीसाहेबांचं नाव घेऊन आलीस. तू ओळखतेस त्यांना?"

सोमी म्हणाली, "नाही महाराज. त्या मोठ्या घरच्या लेकी. मी कुठली ओळखणार?"

राजा राणीकडे वळला. "तुम्ही ओळखता हिला?"

राणी म्हणाली, "नाही."

तोच तिच्या आसनाशेजारी जमीन फाटली आणि गुडघ्याएवढं शेवळ वर आलं. वास सुटला. लोक नाकाला शेले लावून म्हणाले, "शी! या म्हातारीच्याच अंगाला घाण येतेय!"

राणीनं ते ऐकलं. मान खाली गेली.

सोमी इकडे सखोबाला विचारत होती, "दादा, काकडं नाही घातलीस? वर पुडीत बांधली होती की."

सखोबा चाचरला. त्यानं राणीकडे पाहिलं. राणी म्हणाली, "पुडीबिडी काही आमच्या बघण्यात नाही आली."

कडाड्! सिंहासनाच्या पायरीतून तिसरं शेवळ उठलं. माणसापेक्षा उंच! त्यानं फणा उलगडला आणि राणीच्या डोक्यावर धरला. माश्यांचा नुसता ढग जमला.

सोमीला कळलं. लेकीनं काय केलंय, ते सगळं कळलं. ती खाली बघून म्हणाली, "मग मीच विसरले असेन महाराज. म्हातारी झाले. चूक माझीच."

आईसुद्धा खोटंच बोलली ना? पण तिच्या खोट्यानं काही उगवलं नाही. का नाही, ते ज्याचं त्यानं ओळखावं.

आईसाहेब मात्र हुशार, आणि पुडी त्यांच्यासमोरच टाकली गेली होती. गळा चोळत त्या राणीजवळ आल्या. "सूनबाई, सगळा वाडा खोकतोय. तुमचाच घसा एवढा साफ कसा? भाजी नाही खाल्लीत? का नाही खाल्लीत?"

आणि तेवढ्यात सोमीच बोलली, "उपास असेल हो त्यांचा. राण्यांना उपासतापास असतात."

उद्या कडेलोट व्हायचा होता जिचा, ती बोलत होती हे!

मग राणीचं काय झालं म्हणून सांगू? कानाच्या पाळ्या तापल्या. भुईनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण भुई तिला पोटात घेईना, उलट पोटातलं बाहेर काढून दाखवत होती. ती आसनावरून उठली. म्हणाली, "आई."

आईसाहेबांना वाटलं, आपल्यालाच हाक मारली. पण राणी सोमीसमोर गेली आणि तिच्या टाचांवर डोकं ठेवलं.

मग सगळं सांगितलं. गढी नव्हती, साथ नव्हती. पुडी मीच टाकायला लावली. का? तर ती कशाला लागते हे मला ठाऊक होतं, म्हणून.

राजा म्हणाला, "मला सांगितलं असतंत, तर मी काय तुम्हाला टाकलं असतं?"

राणी म्हणाली, "तुम्ही टाकलं नसतंत. आईला मीच टाकलं."

मग ती उठली आणि अनवाणी मागच्या अंगणात गेली. खिडक्या-खिडक्यांतून लोक बघत होते. राणी उकिरड्यावर बसली. राख उपसली, साली उपसल्या, खरकटं उपसलं. पाटल्यांपर्यंत हात बरबटले. कुणाला पुढे होऊ दिलं नाही. शेवटी पळसाचं पान हाताला लागलं. काकडं जशीच्या तशी होती.

तिनं ती धुतली, ठेचली. तिसरं शेवळ मुळापासून कापलं, सोललं, बारीक चिरलं. भलतंच मोठं, शिवाय उमललेलं. पण तेलावर पडलं आणि काकडांचा रस लागला, तशी घाण पळाली आणि वाडाभर खमंग वास सुटला. सोमी चुलीशी येऊन बसली. किती दिवसांनी लेकीशी पहिलं काय बोलली, तर, "भिवरे, बुडाचा पिवळा दाणेदार भाग काढलास ना? तो पण खाजतो."

"काढला गं," भिवरी म्हणाली आणि रडायला लागली.

"रडू नको, भाजी खारट होईल."

पहिला घास राणीनं खाल्ला. मग राजानं, आईसाहेबांनी, सगळ्यांनी. घास गिळला आणि खाज गेली! आईसाहेबांनी दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि सोमीसाठी आपल्या शेजारी पाट मांडायला लावला.

सोमी काही राजवाड्यात राहिली नाही. म्हणाली, "या गुळगुळीत फरशीवर मला चालता येत नाही." मग दर वर्षी शेवळं आली, की राणीच पाड्यावर जायची. टोपली डोक्यावर घ्यायची. संध्याकाळी आईच्या टाचांना तेल चोळायची, आणि त्या हातांना अत्तर लावायची नाही. लाज सगळी गेली का तिची? नाही गेली. थोडी राहिली. आई "उपास असेल हो" म्हणाली होती, ते आठवलं की तिचे कान पुढेही तापायचे. पण सगळी माणसं सुखानं नांदली.

आणि म्हणून बाजारात शेवळांची जुडी घेतली, की विकणारी बाई न मागताच वर मूठभर काकडं ठेवते. ती कुणी टाकायची नाहीत.

चला, भाजी सरली, कढई पालथी झाली, चूल विझली. आता तुम्हीही पांघरुणात शिरा. हं, आणि झोपायच्या आधी आईला एकदा हाक मारून या. हळूच मारा, दमलीय ती.